मुकी फेरी

बालवाडीच्या खुर्चीत मोठ्या माणसाने बसायचं म्हणजे गुडघे हनुवटीला लागतात, आणि उठताना खुर्चीही बरोबर उठते. तरी दर शनिवारी दुपारी चांगली जाणती, पिकल्या केसांची माणसं त्या खुर्च्या गोल मांडून बसायची. भिंतीवर ससा, बदक, फुगेवाला, आणि खाली ही सगळी डोळे सुजलेली मंडळी. त्यांच्यात एक केकवाली होती. ती येऊन तोंड शिवल्यासारखी बसायची आणि तशीच उठून जायची.

ती केकवाली आहे हे तिथे कोणाला माहीत नव्हतं. ते कळू नये म्हणून तर तिचा सगळा आटापिटा चालला होता.

बैठक चालवायच्या सिस्टर. जन्मभर इस्पितळात पाय मोडेपर्यंत काम केलं, निवृत्त झाल्या आणि घरी बसवेना म्हणून हे सुरू केलं. ज्यांचं माणूस गेलंय त्यांनी एकत्र बसावं, बोलावंसं वाटलं तर बोलावं, बाकी काही नाही. पण नियम कडक. सल्ला द्यायचा नाही. ‘वरच्यापुढे कोणाचं चालतं’ वगैरे म्हणायचं नाही. माझं दुःख मोठं की तुझं, हे मापायचं नाही. आणि कोण गेलं असं कोणी कोणाला विचारायचं नाही, ज्याला सांगायचं तो आपणहून सांगेल. या शेवटच्या नियमाच्या आडोशाला केकवाली बसली होती.

कारण तिचं कोणी गेलंच नव्हतं! म्हणजे लोकांच्या लेखी. नवरा धडधाकट, सासू अजून चार जणांना पुरून उरेल अशी, माहेरी सगळे ठणठणीत. तिचं गेलं कोण, तर गाडी शिकवणारे सर. आता अशा माणसासाठी कोण कोणाला रडू देतं? नवऱ्याने थोडे दिवस समजून घेतलं, मग एकदा चहाचा कप आपटून म्हणाला, "अगं पण ते तुझे लागत कोण होते?" सासूबाई तर म्हणाल्या, "आमच्या वेळी सख्खा भाऊ गेला तरी दुसऱ्या दिवशी चूल पेटायची." झालं. त्या घरात पुन्हा विषय निघाला नाही.

सर कोणी लागत नव्हते हे खरं. पण ते तिच्या शेजारी बसल्या बसल्या गेले होते, आणि तिला पत्ता लागला नव्हता.

त्याचं असं झालं. सरांची शिकवणी एका गाडीची आणि एका माणसाची, पण गावात मान होता, आणि त्यांची एक पद्धत होती. सगळं शिकवून झालं की शेवटी मुकी फेरी. बाजार, पूल, पाण्याची टाकी आणि वळून परत, असा ठरलेला रस्ता. त्या अख्ख्या फेरीत सर अक्षर बोलणार नाहीत. "परीक्षेला मी नसतो शेजारी बडबडायला," असं त्यांचं म्हणणं. एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला तर फेरी बाद, पुन्हा पहिल्यापासून. शिकणारे या फेरीला जाम टरकून असायचे. काही बहाद्दर तर मुद्दाम काहीतरी विचारून सरांना बोलायला लावायचे. सर ढिम्म.

केकवालीने गाडी शिकायला घेतली ती केक पोचवायला. भाड्याच्या गाडीतून केक न्यायचा म्हणजे वरची फुलं खाली आणि खालचा थर बाजूला. चालवायला लागल्यावर तिचा पायच मुळी हलका निघाला. सर खूश. "या बाईच्या गाडीत भरलेला पेला ठेवा, सांडायचा नाही," असं ते सगळ्यांना सांगायचे. तिचं नाव केकवाली तेही त्यांनीच पाडलेलं.

त्या दिवशी तिने मुकी फेरी अशी मारली की विचारू नका. कुठे अडखळली नाही, कोणावर हॉर्न वाजवला नाही, पुलावरच्या चढावर गाडी एक बोटभर मागे आली नाही. परत आली, पांढऱ्या पट्ट्यांत गाडी लावली आणि लहान मुलीसारखी टाळी वाजवून म्हणाली, "सर, झालं! पास ना?" सरांचं डोकं खिडकीच्या कडेला टेकलेलं होतं. ते कधीचेच गेले होते.

एक जरी गचका बसला असता तर सर कलंडले असते, तिचं लक्ष गेलं असतं. गचका बसला नाही. इतकी सुरेख चालवली तिने. या विचाराने तिची झोप उडाली, जेवण तुटलं, आणि गाडीच्या स्टिअरिंगला तिने पुन्हा हात लावला नाही.

इस्पितळात ज्या नर्सने तिला पाणी पाजलं, तिनेच या बैठकीचं सांगितलं होतं. ती आली, कोपऱ्यात बसली, आणि कित्येक दिवसांनी तिचा श्वास पोटापर्यंत गेला. तिथे कोणी ‘तुझे लागत कोण होते’ म्हणालं नाही. तिला वाटलं, सापडली जागा.

पुढच्याच खेपेला सरांची बायको आत आली.

केकवालीने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. उंच बाई, खांद्याला मोठी पिशवी, चेहरा असा ताठ की हात लावला तर मोडेल. बसल्या आणि सरळ बोलायलाच लागल्या. "माझा नवरा गाडी शिकवायचा," त्या म्हणाल्या. "शिकवता शिकवता गेला. शेजारी एक बाई गाडी चालवत होती. तिला कळलं नाही! माणूस मरतोय शेजारी, आणि ही गावभर फिरतेय! डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर काहीतरी हातात होतं. आणि घरी काय कौतुक तिचं! जेवताना केकवाली, झोपताना केकवाली. अशी चालवते नि तशी चालवते. मला एकदा ती बाई भेटू दे."

"भेटली तर काय कराल?" घड्याळवाल्या काकांनी विचारलं. हे काका घड्याळं दुरुस्त करायचे, बायको गेल्यापासून दुकान बंद होतं, आणि नियम मोडल्याशिवाय त्यांना शनिवार गोड लागायचा नाही. "मी म्हणतो, तिच्याही जिवाला..."

"काका. सल्ला," सिस्टर म्हणाल्या.

"सल्ला कुठे? मी आपलं विचारलं."

"काय करीन ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण करीन."

केकवालीने ससा, बदक, फुगेवाला आळीपाळीने बघून घेतले. उठून पळावं तर सगळ्यांचं लक्ष जाईल. म्हणून बसून राहिली. बैठक सुटल्यावर ती चपला शोधत होती तर मागून हाक आली, "अहो!" सरांच्या पत्नी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही काही बोलत नाही ना, ते मला बरं वाटलं. घरी येणारा प्रत्येक जण बोलतच असतो. चहा घ्याल?"

आता यावर नाही कसं म्हणणार? घेतला चहा.

आणि तिथून जी फरपट सुरू झाली ती झालीच. दर शनिवारी सरांच्या पत्नी तिच्याच शेजारची खुर्ची धरायच्या. केकवाली त्यांना ताई म्हणायला लागली होती. चहा पिताना ताई बोलायच्या, ही ऐकायची. सर गेल्यापासून ताई फक्त याच बाईजवळ हसल्या होत्या, तेही एकदाच. केकवालीला त्यांचा लळा लागला, आणि जेवढा लळा तेवढी धडकी. "तुम्ही काय करता?" ताईंनी सहज विचारलं, तर हिच्या तोंडून निघून गेलं, "शिवणकाम."

"असं? पण तुमच्या अंगाला सारखा गोड वास येतो."

"तेल लावते डोक्याला. सुवासिक."

कसलं तेल नि काय! बाईचे हात व्हॅनिलात बुडालेले असायचे. आणि थापा पचतील तर ती केकवाली कसली. पुढच्या शनिवारी ताईंनी त्या भल्या मोठ्या पिशवीतून एक निळा फ्रॉक काढून तिच्या मांडीवर ठेवला. "लेकीच्या शाळेचा आहे. वाढली एकदम. खालची दुमड सोडून जरा लांब करून द्याल? बाहेर कोणाकडे जायचं, चौकशा ऐकायच्या, नको वाटतं."

जिला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं ती बाई तो फ्रॉक घेऊन घरी आली. नवरा आधी पोट धरून हसला. मग हसायचा थांबला. "हे बघ," तो म्हणाला, "तू विस्तवाशी खेळतेयस. त्या बाईला कळलं तर ती तुला उभी चिरेल, आणि चूक तिची नसेल. बंद कर जाणं."

"मला तिथेच बरं वाटतं."

"कशात बरं वाटतं? तिच्या तोंडून स्वतःला शिव्या खाण्यात?"

खरं सांगायचं तर तेही होतंच थोडं. पण तिला जाणं सोडवत नव्हतं त्याला दुसरं कारण होतं. त्याच शनिवारी चहा पिताना ताई म्हणाल्या होत्या, "लेक रोज विचारते, बाबा शेवटी काय म्हणाला? काय करत होता? मी काय सांगू? मी तिथे होते का! जगात एकाच बाईला ते माहीत आहे, आणि तिचं तोंड बघायची माझी इच्छा नाही. पण कधी कधी वाटतं, पाय धरावे तिचे आणि म्हणावं, बाई गं, तेवढं सांग आणि जा."

आणि केकवालीला ते माहीत होतं. हीच तर गोम होती.

पुलावर चढताना सरांनी खिडकीची काच पूर्ण खाली घेतली होती. हवा गार होती, तरी. त्यांच्या कपाळावर घाम होता. हिने समोर बघता बघता विचारलं होतं, "सर, बरं आहे ना?" सरांनी ओठांवर बोट ठेवलं. हसले जरासे. म्हणजे, बोलायचं नाही, मुकी फेरी आहे, मला फसवायला बघू नकोस. हिला वाटलं आपण पकडलो गेलो, आणि ती ओशाळून पुढे बघायला लागली. पुन्हा तिने मान वळवली ती पट्ट्यांत गाडी लावल्यावर.

हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, जबाब घ्यायला आलेल्या पोलिसांना नाही. सांगितलं असतं तर ती सुटली असती ना! ‘मी विचारलं होतं, तेच गप्प बसा म्हणाले.’ पण जो माणूस गेला, ज्याला उलटून बोलता येत नाही, त्याच्या डोक्यावर खापर फोडायचं? ते तिच्याने होईना. आणि न सांगावं, तर त्या पोरीचा प्रश्न तसाच लोंबकळत राहतो. तिने शेवटी ठरवलं की शनिवारी बैठकीत सगळ्यांसमोर सांगून टाकायचं, मग ताई काय करतील ते करतील. निदान सिस्टर तिथे असतील.

पण ताई शुक्रवारीच आल्या.

दार सासूबाईंनी उघडलं. लेकीला फ्रॉक उद्याच हवाय, शाळेत कसला कार्यक्रम आहे, म्हणून सिस्टरांकडून पत्ता घेऊन आले, अशी ताईंची बोलणी ऐकू येत होती, आणि केकवाली ओट्यापाशी तीन मजली केकसमोर हातात क्रीमची पिशवी घेऊन उभी. पळायला मागचं दार नव्हतं. ताई थेट आत आल्या. खुर्चीच्या पाठीवर तो फ्रॉक लटकत होता, एका बाजूला गुडघ्यावर, दुसऱ्या बाजूला पोटरीवर, मधे टाके असे की मांजराने घातलेले बरे. ताईंनी फ्रॉक बघितला. मग केक बघितला. भट्टी, साचे, क्रीमच्या नळ्या, सगळं एकेक करून बघितलं. घरात तोच गोड वास भरून राहिला होता.

"ही माझ्या बहिणीची ऑर्डर आहे हो," नवरा आतून येत घाईघाईने म्हणाला. "ती करते केक. आम्ही आपले नुसते..."

बिचारा! बायकोसाठी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला. केकवालीने क्रीमची पिशवी खाली ठेवली.

"बहिणीची नाही," ती म्हणाली. "मी करते. ती केकवाली मीच आहे, ताई."

ताईंचा हात वर गेला. आता ही बाई मारणार, असं वाटून सासूबाईसुद्धा ‘अगं अगं’ करत पुढे झाल्या. पण ताईंनी नुसता खुर्चीवरचा फ्रॉक ओढून घेतला आणि पिशवीत कोंबला.

"एवढे दिवस शेजारी बसलीस," त्या म्हणाल्या. अहो-जाहो गेलं होतं. "माझा चहा प्यालीस. माझं रडणं बघितलंस. मजा वाटत होती?"

"नाही हो ताई."

"गाडी अजून खाली उभी आहे आमच्या. गॅरेजवाला येऊन चालू करून ठेवतो. चल. तोच रस्ता मला दाखव. जशी गेली होतीस तशी."

"मी त्यानंतर चालवलेली नाही. आणि माझ्याकडे अजून शिकाऊच परवाना आहे. शेजारी शिकवणारं कोणीतरी..."

"मी बसते शेजारी. चल म्हटलं ना!"

नवरा मधे पडला, सासूबाई मधे पडल्या. केकवालीने ॲप्रन काढून ठेवला आणि चपला घातल्या.

ताईंच्या घराखाली उभ्या गाडीवरचं कापड दोघींनी मिळून ओढून काढलं, एकमेकींकडे न बघता. ताई सरांच्या जागेवर बसल्या. केकवालीने स्टिअरिंग धरलं, पण गाडी सुरू केली नाही. "ताई, एकच विनंती," ती म्हणाली. "बोलत राहा. शिव्या द्या, काय वाटेल ते बोला. तुम्ही गप्प बसलात तर मला नाही जमायचं."

ताई गप्प बसल्या. मुद्दामच.

गाडी निघाली. केकवालीचा तो हलका पाय कुठल्या कुठे गेला होता. गाडी उडत होती, दचकत होती, बाजारात एका भाजीच्या हातगाडीला घासता घासता वाचली. तिची नजर समोर ठरत नव्हती. समोर एकदा, शेजारी दोनदा. ताईंचा चेहरा खिडकीकडे. छाती हलतेय का ते दिसत नव्हतं. "ताई?" उत्तर नाही. "ताई, हूं तरी म्हणा." नाही. समोरून मोठा मालट्रक येत होता आणि ही शेजारी बघत होती.

"समोर बघ की!" ताई ओरडल्या. केकवालीने स्टिअरिंग वळवलं. ट्रकवाल्याने आईबहिणीचा उद्धार केला आणि गेला. गाडी कशीबशी पुलाच्या चढाला लागली, आणि तिथे केकवालीला रडू फुटलं. रडत रडतच तिने सगळं सांगून टाकलं. खिडकीची काच, घाम, आपण काय विचारलं ते, आणि ओठांवरचं बोट.

"खोटं," ताई म्हणाल्या.

"तुमच्या पायाची शपथ."

"खोटं बोलतेस! स्वतःची मान सोडवायला त्याच्यावर ढकलतेस. त्याला काय, तो येणार नाही उत्तर द्यायला!"

"म्हणूनच तर सांगितलं नाही कोणाला. ताई, लेक विचारते म्हणालात म्हणून सांगते. नाहीतर मरेपर्यंत सांगितलं नसतं."

गाडी पूल उतरून टाकीच्या रस्त्याला लागली. मग ताईंनी विचारलं, "हसला म्हणतेस. कसा?"

"थोडेसेच. एका बाजूने."

ताईंनी डोळे मिटून घेतले. "दाढ सुजली होती तेव्हा असाच हसायचा," त्या म्हणाल्या. "गाल एवढा फुगलेला, अंगात ताप, आणि विचारलं की एका बाजूने हसायचं. काही नाही, काही नाही. दिवसभर शिकवून आला आणि दाराशी आडवा झाला. आम्हाला कधी कळायचं? तर तो पडल्यावर!" त्यांचा आवाज चढत चालला होता. "तिने विचारलं होतं ना तुला! एवढं तोंडाने विचारलं, बरं आहे का! एक शब्द बोलला असतास तर काय जीभ झडली असती? फेरी बाद झाली असती, एवढंच ना? लेकीचा विचार आला नाही? माझा आला नाही? असाच होतास तू! कायम असाच! असाच!"

तिसऱ्या ‘असाच’ला त्यांनी पाय आपटला आणि गाडी जागच्या जागी थडकून उभी राहिली.

दोघी पुढे फेकल्या गेल्या, पट्ट्याने मागे ओढल्या गेल्या. मागे टायर किंचाळले. एक गाडी वीतभर अंतरावर थांबली, तिच्या मागे आणखी एक, आणि मग सगळ्यांचे हॉर्न सुरू झाले. काय झालं ते केकवालीला आधी कळेना. तिचा पाय तर ब्रेकवर नव्हताच. मग तिने खाली बघितलं. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, शिकणारा चुकला तर दाबायला. ताईंचा पाय त्याच्यावर होता.

ताईही खाली बघत होत्या.

"हा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बसला होता. "मला माहीत होतं हा इथे असतो. रोज घरी ऐकायचे, आज अमक्याला वाचवलं, तमक्याला वाचवलं. पण माझ्या डोक्यात आलंच नाही." त्या थांबल्या. "बोलायचं सुद्धा नव्हतं त्याला. नुसता पाय दाबायचा होता."

"हो ताई."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. रोज तेच आठवतं. का दाबला नसेल?" केकवालीला हुंदका आवरेना. "हा दाबला तरी फेरी बाद होते. मी इतकी छान चालवत होते. माझी फेरी बाद होऊ नये म्हणून तर नाही ना ताई? माझ्यासाठी तर..."

"गप्प बस," ताई म्हणाल्या, पण आता त्यात राग नव्हता. "तुझ्यासाठी कशाला? जमत नव्हतं त्याला थांबणं. दुसऱ्याला थांबवायचा, स्वतःला नाही. मी एवढी वर्षं संसार केला त्याच्याशी, मला विचार." आणि बोलता बोलता त्यांचा तो ताठ चेहरा मोडला. इस्पितळात नाही, घरी लोकांसमोर नाही, बालवाडीतल्या खुर्चीत नाही, अशी ती बाई भर रस्त्यात तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी भोकाड पसरून रडायला लागली.

मागच्या गाडीतला माणूस उतरून काचेवर थापा मारायला लागला. "ओ बाई! चालवता येत नाही तर आणता कशाला गाडी रस्त्यावर?"

बैठकीत आजवर चकार शब्द न काढलेली केकवाली काच खाली करून त्याच्या अंगावर अशी गेली की तो दोन पावलं मागे सरकला. "थांबा की जरा! माणूस रडतंय इथे, दिसत नाही? बाजूने जा!" तिने लुकलुकणारे दिवे लावले, हाताचा ब्रेक ओढला आणि काच वर केली. मागची माणसं चरफडत, खिडकीतून डोकावत बाजूने जाऊ लागली.

"ताई, पाय काढलात की निघू," ती म्हणाली.

"काढते," ताई म्हणाल्या. पण पाय निघेना. दोन्ही हातांनी त्यांनी गुडघा धरून ठेवला होता आणि त्या रडत होत्या.

"असू दे. नका काढू. घाई नाही."

केकवालीने पट्टा सोडला आणि आसनावर पूर्ण वळून बसली, रस्त्याकडे पाठ करून. हॉर्न वाजत होते ते वाजू दिले. ती ताईंच्या चेहऱ्याकडे बघत होती, नजर न हलवता, पापणीसुद्धा न लववता.

बऱ्याच वेळाने ताईंनी नाक पुसलं. "काय बघतेस अशी?"

"श्वास चालू आहे का ते."

ताई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी केकवालीचा हात ओढला आणि आपल्या छातीवर, जिथे हुंदक्याने अजून वरखाली होत होतं तिथे, घट्ट दाबून धरला.

"आहे," त्या म्हणाल्या. "चालू आहे. बघ."